पीकसंरक्षणाची बंदूक : मुख्य भाग, त्यांचे कार्य आणि निगा

भात निसवून दाणे भरू लागले की कोकणात रात्रीची राखण सुरू होते. रानडुकरांचा एक कळप एका रात्रीत उभे भात लोळवून टाकतो. केळी व नारळाच्या बागेत माकडे आणि वानरे नुकसान करतात. विदर्भात तूर आणि हरभऱ्याच्या शेतात रोही व रानडुकरे शिरतात. या त्रासामुळे अनेक शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक असते. काही घरांत ती आजोबांपासून चालत आलेली असते.

शेतकरी पंपाचा किंवा इंजिनाचा प्रत्येक भाग ओळखतो. वॉशर गेला की काय होते, हे त्याला सांगावे लागत नाही. बंदुकीच्या बाबतीत मात्र काडतूस घालायचे आणि चाप ओढायचा, एवढीच माहिती पुष्कळांना असते. पंपाचा वॉशर गेला तर पाणी चढत नाही. बंदुकीचा एखादा भाग बिघडला किंवा नळीत काही अडकले, तर धरणाऱ्याचा हात जातो किंवा शेजारच्या माणसाचा जीव जातो. अशा अपघातांचे कारण बहुधा साधे असते आणि बंदुकीची रचना माहीत असेल तर ते आधीच लक्षात येते. म्हणून या लेखात छऱ्याच्या बंदुकीचे मुख्य भाग, त्यांचे कार्य आणि त्यांची निगा यांची माहिती दिली आहे.

बंदुकीचे प्रकार

शेतकऱ्यांकडे सर्वसाधारणपणे दोन प्रकारच्या बंदुका आढळतात.

पहिली ठासणीची बंदूक. हिच्यात नळीच्या तोंडातून काळी दारू, बुच आणि छर्रे गजाने ठासून भरतात आणि मागच्या बाजूस बोंडीवर टोपी बसवतात. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी आत जाऊन बार उडतो.

दुसरी काडतुसाची बंदूक. ही मधोमध मोडून नळीच्या मागच्या बाजूने तयार काडतूस घालतात. एक नळी असेल तर एकनळी आणि दोन असतील तर दुनळी. या लेखात प्रामुख्याने १२ बोअरच्या दुनळीचा विचार केला आहे. ठासणीच्या बंदुकीबाबतची वेगळी काळजी शेवटी दिली आहे.

१२ बोअर म्हणजे काय?

बोअर हे नळीच्या आतील व्यासाचे माप आहे. एक पौंड (सुमारे ४५४ ग्रॅम) शिशाच्या सारख्या आकाराच्या १२ गोळ्या केल्या, तर त्यातील एक गोळी ज्या नळीत बरोबर बसते ती नळी १२ बोअरची. तिचा आतील व्यास सुमारे १८.५ मि.मी. असतो. २० बोअरसाठी त्याच शिशाच्या २० गोळ्या होतात, म्हणजे गोळी लहान आणि नळीही अरुंद, सुमारे १५.६ मि.मी. थोडक्यात, आकडा वाढला की नळी अरुंद होते. हे उलटे माप नीट लक्षात ठेवावे. त्याचा एका गंभीर अपघाताशी संबंध आहे आणि तो पुढे येईल.

१) नळी

वरून नळी एकसारखी दिसली तरी आतून तिचे चार भाग पडतात.

काडतुसाचे घर : नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते ती जागा. येथे दाब सर्वांत जास्त असल्याने नळीची भिंत सर्वांत जाड असते. या घराची लांबी ६५ मि.मी. (अडीच इंच), ७० मि.मी. (पावणेतीन इंच) किंवा ७६ मि.मी. (तीन इंच) असते. बंदूक मोडून नळी काढली की मागच्या सपाट पृष्ठभागावर हा आकडा बहुधा कोरलेला दिसतो. काडतुसाची जी लांबी सांगतात ती बार झाल्यानंतरची, म्हणजे पुढची दुमड उघडल्यानंतरची असते. त्यामुळे ७० मि.मी.चे न उडवलेले काडतूस ६५ मि.मी.च्या घरात सहज बसते. बार करताना मात्र दुमड पूर्ण उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ‘बसले म्हणजे चालते’ असे समजू नये. जुन्या बंदुकीचा आकडा वाचता येत नसेल तर कारागिराकडून घर मोजून घ्यावे.

निमुळता भाग : घर संपते तेथे नळी थोडी अरुंद होत जाते. काडतुसातून निघालेले छर्रे येथून मुख्य नळीत शिरतात.

मुख्य नळी : ही आतून गुळगुळीत असते. रायफलीसारखे पिळाचे आटे हिच्यात नसतात. पुढे दाब कमी होत जातो म्हणून नळीची भिंत पातळ केलेली असते. काही ठिकाणी ती जेमतेम मिलिमीटरभर जाड असते. म्हणून नळीवर काही आपटून पोचा पडला तर तो किरकोळ समजू नये.

चोक : नळीच्या तोंडाशी शेवटचा भाग किंचित आवळलेला असतो, त्याला चोक म्हणतात. पाण्याच्या पाइपाचे तोंड बोटाने दाबले की धार लांब जाते, तसेच काहीसे काम चोक करतो. छर्रे लवकर पसरू न देता तो त्यांना काही अंतर एकत्र ठेवतो. पूर्ण चोकमध्ये हे आवळणे सुमारे १ मि.मी. आणि अर्ध्या चोकमध्ये सुमारे अर्धा मि.मी. असते. ३६ मीटर (४० यार्ड) अंतरावर ७६ सें.मी. व्यासाच्या वर्तुळात पूर्ण चोकचे सुमारे ७० टक्के, अर्ध्या चोकचे ६० टक्के आणि सरळ नळीचे ४० टक्के छर्रे पडतात. दुनळीमध्ये सर्वसाधारणपणे उजवी नळी कमी चोकची आणि डावी जास्त चोकची असते. नळीचे तोंड खराब झाले म्हणून ते कापून टाकल्यास चोक जातो. शिवाय नळीची लांबी कमी करणे हा कायद्याने गुन्हा आहे.

नळीच्या टोकावर जो लहान मणी असतो त्याला माशी म्हणतात. नेम धरताना नळीची पाठ, माशी आणि लक्ष्य एका रेषेत यावे लागते.

२) बिजागरी, कुलूप आणि लिव्हर

नळीचा मागचा भाग एका लोखंडी चौकटीला बिजागरीने जोडलेला असतो. वरची लिव्हर अंगठ्याने बाजूला सारली की कुलपाची जीभ नळीखालच्या खाचेतून मागे सरकते आणि नळी पुढच्या बाजूने खाली झुकते. बंदूक बंद करताना जीभ पुन्हा खाचेत जाऊन बसते. बार होतो तेव्हा काडतुसाची मागची बाजू याच चौकटीवर रेटते. सगळा धक्का हे कुलूप आणि बिजागरी सोसतात.

जुन्या बंदुकीत हे भाग झिजतात. तपासणी सोपी आहे. काडतुसे काढलेली, नळीखालचा लाकडी भाग उतरवलेली आणि बंद केलेली बंदूक दस्त्याशी धरून हलकेच हलवावी. खडखड आवाज आला, किंवा उजेडाकडे धरल्यावर नळी आणि चौकट यांच्यामध्ये फट दिसली, तर ती बंदूक दुरुस्तीशिवाय वापरू नये.

नळीच्या मागच्या कडेला काडतूस बाहेर ढकलणारी पट्टी असते. बंदूक मोडली की ती काडतुसे काही मिलिमीटर वर उचलते. काही बंदुकांत उडालेले काडतूस झटक्याने बाहेर फेकले जाते.

३) घोडा, अटक आणि चाप

जुन्या बंदुकीत घोडे बाहेर दिसतात आणि अंगठ्याने मागे ओढावे लागतात. नव्या पद्धतीत घोडे चौकटीच्या आत असतात. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथे १८७५ मध्ये अॅन्सन आणि डीली या दोघांनी नळी झुकवताच आतील घोडे आपोआप चढतील अशी रचना केली. तीच रचना पुढे जगभर पसरली. अशा बंदुकीत घोडा चढलेला आहे की नाही हे बाहेरून दिसत नाही. म्हणून बंद बंदूक नेहमी भरलेली आणि चढवलेली आहे असेच धरून चालावे.

घोड्याला मागून जोरदार स्प्रिंगचा रेटा असतो. घोड्यावर एक लहान खाच असते आणि तिच्यात एक छोटा दांडा अडकून घोड्याला धरून ठेवतो. हीच अटक. कारागीर तिला सिअर म्हणतात. चाप ओढला की अटक खाचेतून सुटते, घोडा पुढे झेपावतो आणि पिन काडतुसाच्या टोपीवर आदळते. बैलगाडीच्या चाकाखालची उटी काढली की उतारावरची गाडी सुटते, तसा हा प्रकार आहे.

दुनळीला बहुधा दोन चाप असतात. पुढचा उजव्या नळीचा आणि मागचा डाव्या नळीचा. चाप सुटण्यासाठी साधारण दीड ते दोन किलो ओढ लागते. खाच किंवा अटक झिजली की चाप ‘हलका’ होतो. काहींना तो हलका चाप बरा वाटतो, पण अशी बंदूक जमिनीवर टेकवतानाही उडू शकते. चाप हलका करण्यासाठी कानस मारणे हा तर अपघाताला आमंत्रण देण्याचा प्रकार होय.

४) सेफ्टी

दस्त्याच्या मानेवर सरकणारे बटण म्हणजे सेफ्टी. पुष्कळ दुनळींमध्ये बंदूक मोडली की ती आपोआप मागे येते. ही सेफ्टी बहुतेक बंदुकांत फक्त चाप अडवते. घोडा अडवत नाही. म्हणजे सेफ्टी लावलेली असली तरी मागे घोडा स्प्रिंगच्या ताणाखाली त्या छोट्या अटकेवरच उभा असतो. बंदूक मचाणावरून खाली पडली किंवा बांधावर आपटली आणि अटक निसटली, तर चापाला हात न लावता बार उडतो.

म्हणून सेफ्टीवर विसंबून राहू नये. मचाणावर चढताना, कुंपण किंवा ओढा ओलांडताना, सायकल-मोटारसायकलवरून जाताना आणि घरात शिरताना बंदूक मोडून काडतुसे खिशात ठेवावीत. मोडलेली बंदूक उडू शकत नाही आणि ती रिकामी आहे हे दुसऱ्यालाही दुरून दिसते. खरी सेफ्टी हीच.

५) दस्ता

दस्ता खांद्याशी टेकतो आणि बाराचा धक्का शरीराकडे नेतो. तो बहुधा अक्रोड किंवा तशाच चिवट लाकडाचा असतो. दस्त्याची मान हा त्याचा सर्वांत बारीक आणि म्हणून नाजूक भाग. तेथे चीर पडली असेल तर तार गुंडाळून काम भागवू नये. बार करताना दस्ता खांद्याशी घट्ट धरावा. सैल धरल्यास धक्का जास्त बसतो आणि चेहऱ्याला इजा होते.

काडतुसाची रचना

काडतुसात मागून पुढे पाहत गेल्यास पाच गोष्टी दिसतात : पितळी किंवा धातूचे बूड, त्याच्या मध्यभागी टोपी, बिनधुराची दारू, वॅड म्हणजे मधले बुच आणि छर्रे. सगळ्याभोवती प्लॅस्टिकचे किंवा कागदाचे आवरण असते. पुण्याजवळील खडकीच्या दारूगोळा कारखान्यातील १२ बोअरची काडतुसे आपल्याकडे अनेक वर्षांपासून परिचित आहेत.

छऱ्यांचा आकार क्रमांकाने ओळखतात. ६ नंबरच्या काडतुसात सुमारे पावणेतीन मि.मी. व्यासाचे अडीचशे-तीनशे छर्रे असतात. एल.जी. काडतुसात ९ मि.मी.च्या आसपासचे मोजकेच मोठे छर्रे असतात.

बार उडतो तेव्हा काय घडते?

पिन टोपीवर आदळते. टोपीतील ठिणगी दारू पेटवते. दारूचा क्षणात वायू होतो. त्या दाबाने पितळी बूड फुगून घराच्या भिंतीला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे येत नाही. वायू वॅडला ढकलतो आणि वॅड छऱ्यांना ढकलते. छर्रे सेकंदाला सुमारे ३५० ते ४०० मीटर वेगाने तोंडातून बाहेर पडतात. हे सर्व सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आत घडते.

काडतुसाच्या घरातील दाब दर चौरस सेंटिमीटरला ७०० किलोपर्यंत जाऊ शकतो. फळबागेत वापरतात त्या एच.टी.पी. फवारणी पंपाचा दाब २० ते ३० किलो असतो, यावरून कल्पना यावी. हा दाब सुरक्षित राहतो तो एकाच कारणाने : छर्रे पुढे सरकत राहतात आणि वायूला जागा मिळत जाते. पुढची वाट अडली तर तोच दाब नळी फाडतो.

नळी का फाटते?

१. चिखल, माती : ओढा ओलांडताना किंवा बांधावर टेकवताना नळीच्या तोंडात चिखल जातो. बोटभर गाळही तोंडाजवळची पातळ नळी फाडायला पुरेसा आहे.

२. कुंभारीण माशीचे घर : महिनोन्‌महिने भिंतीला उभ्या ठेवलेल्या बंदुकीच्या नळीत कुंभारीण मातीचे घर बांधते. अशी अंधारी भोके तिला आवडतात. बाहेरून काहीच दिसत नाही.

३. साफ करताना राहिलेली चिंधी : गजावरून सुटलेली चिंधी आत राहते आणि विसरली जाते.

४. अडकलेली वॅड : दमट काडतुसाचा बार ‘फुस्स’ झाला तर वॅड नळीत अडकू शकते. आवाज नेहमीपेक्षा कमी आला की दुसरा बार करण्यापूर्वी बंदूक मोडून नळीतून आरपार पाहावे.

५. २० बोअरचे काडतूस : हे १२ बोअरच्या घरात टाकले तर पुढे सरकून निमुळत्या भागापाशी अडकते. मागून पाहणाऱ्याला घर रिकामे दिसते. मग त्याच्या मागे १२ बोअरचे काडतूस बसते आणि चाप ओढताच नळी डाव्या हाताजवळच फुटते. २० बोअरची काडतुसे बहुधा पिवळ्या रंगाची असतात ती याच कारणासाठी. दोन्ही बोअरची काडतुसे एका घरात, एका पिशवीत किंवा एका खिशात कधीही ठेवू नयेत.

या पाचही कारणांवर उपाय एकच आहे. काडतूस घालण्यापूर्वी प्रत्येक वेळी बंदूक मोडून नळीतून उजेडाकडे आरपार पाहावे. यास पाच सेकंद लागतात. स्वच्छ नळीत उजेडाची वर्तुळे एकसारखी दिसतात. एखाद्या ठिकाणी वर्तुळ वाकडे दिसले तर तेथे पोचा किंवा फुगवटा आहे असे समजावे.

छर्रे किती दूर जातात?

‘छऱ्याची बंदूक जवळच मारते’ हा समज अर्धाच खरा आहे. लहान छऱ्यांचा उपयोगी पल्ला ३५-४० मीटर असला तरी ६ नंबरचे छर्रे २०० मीटरपर्यंत जाऊ शकतात आणि डोळ्याला इजा करू शकतात. एल.जी.चे मोठे छर्रे सहाशे-सातशे मीटर जाऊ शकतात. आपली शेते लहान आहेत. शेजारच्या खाचरातही कोणीतरी राखणीला बसलेले असते. झुडूप हलले किंवा आवाज आला म्हणून बार करू नये. समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे, हे दोन्ही दिसल्याशिवाय बोट चापावर जाता कामा नये.

बार उडाला नाही तर

टोपी दबली आणि बार झाला नाही, तर लगेच बंदूक मोडू नये. दारू उशिरा पेट घेऊ शकते. नळीचे तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट थांबावे, मग काडतूस काढावे. ते पुन्हा वापरू नये.

पावसाळ्यातील निगा

• वापर झाल्यावर त्याच दिवशी नळी मागच्या बाजूने गज घालून पुसावी आणि तेलाचा अगदी पातळ हात द्यावा. जास्त तेल कुलपात व दस्त्यात उतरते.

• दमट हवेत बंदूक चामडी किंवा कापडी म्यानात ठेवू नये. म्यान ओल धरते आणि नळी गंजते.

• काडतुसे घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून दूर ठेवावीत. फुगलेले किंवा बूड हिरवे पडलेले काडतूस वापरू नये, आणि घरात शिरत नाही म्हणून ठोकून तर मुळीच बसवू नये.

• बंदूक आणि काडतुसे वेगवेगळ्या कुलपात ठेवावीत. किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नये.

• निवडणुकीच्या काळात जमा केलेली बंदूक परत आणल्यावर, तसेच पावसाळाभर पडून राहिलेली बंदूक प्रथम काढल्यावर, नळी साफ करून आरपार पाहिल्याशिवाय वापरू नये.

• पिळाच्या लोखंडी पट्ट्यांपासून केलेल्या जुन्या नळ्यांवर नागमोडी नक्षी दिसते. अशा नळीत आजचे काडतूस वापरू नये.

ठासणीच्या बंदुकीबाबत

ही बंदूक मोडून पाहता येत नाही, म्हणून भरलेली आहे की नाही हे गजाने तपासावे. नळी पूर्ण रिकामी असताना गज तळापर्यंत घालून तोंडाशी गजावर खूण करावी. पुढे कधीही गज घातला आणि खूण तोंडाच्या वर राहिली, तर आत काहीतरी आहे हे निश्चित. एकदा भरलेली बंदूक विसरून दुसऱ्यांदा भरल्याने नळी फुटते. या बंदुकीत काळ्या दारूखेरीज दुसरी दारू, विशेषतः काडतुसातून काढलेली बिनधुराची दारू, कधीही घालू नये. बार झाल्यावर लगेच दारू ओतू नये, कारण आत निखारा असू शकतो. काळ्या दारूची काजळी ओल ओढून घेते, म्हणून नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल द्यावे. रात्रीची राखण संपल्यावर टोपी काढल्याशिवाय बंदूक घरी आणू नये.

कायद्याच्या बाबी

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना अधिकाऱ्यांची खात्री झाल्यास किमान २० इंच नळीच्या दुसऱ्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीचा परवाना मिळू शकतो. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षे झाली आहे. नूतनीकरणाची तारीख लिहून ठेवावी. परवान्यावर नाव नसलेल्या व्यक्तीला बंदूक वापरायला देऊ नये. दुरुस्ती परवानाधारक कारागिराकडूनच करून घ्यावी.

बंदुकीचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये पिकांचे नुकसान करणाऱ्या रानडुकरासारख्या प्राण्याला मारण्यासाठीही अधिकृत वन अधिकाऱ्यांची लेखी परवानगी लागते. नुकसान झाल्यास वन विभागाकडे वेळेत अर्ज करून भरपाई मागावी. वाटेवर चाप लावून बंदूक बांधून ठेवण्याचा प्रकार बेकायदेशीर तर आहेच, शिवाय पहाटे शेतात जाणाऱ्या माणसाला आणि गुरांना ती बंदूक ओळखत नाही.

थोडक्यात

बंदूक नेहमी भरलेली समजावी. नळीचे तोंड कोणाकडेही धरू नये. बोट चापाबाहेर ठेवावे. चढता-उतरताना बंदूक मोडावी. काडतूस घालण्यापूर्वी नळीतून आरपार पाहावे. राखण पिकाची असली तरी राखणदार सुखरूप घरी परतणे हे पहिले पीक होय. या हंगामात बंदूक खाली काढाल तेव्हा शेतात नेण्याआधी एकदा अंगणात, दिवसाउजेडी, मोडून पाहावी.